आधी पाऊल, मग पातेलं : साताऱ्यातल्या एका स्वयंपाकघरातलं प्रकरण

काकू पडल्या तेव्हा फरशी कोरडी होती. हे सुरुवातीलाच सांगते, कारण घरातल्या प्रत्येकाने मला सांगितलं होतं की त्यांचा पाय घसरला. मुलगा तेच म्हणाला, शेजारच्या बाई तेच म्हणाल्या, काकूही तेच म्हणाल्या. सुनेला नीट विचारलं तेव्हा ती जरा थांबून म्हणाली, "पाणी नव्हतं मॅडम. फरशी मी सकाळी पुसली होती आणि त्या पडल्या संध्याकाळी. घसरल्या असं आम्हीच धरून चाललो."

काकूंचं वय ७१. सातारा शहरातलं जुनं बैठं घर, वर गच्ची, गच्चीला अकरा पायऱ्यांचा जिना. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली काही वर्षं घरी जाऊनच जास्त काम करते. काकूंच्या आणि घरच्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिल्यांदा त्या पडल्या संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. ओट्यावरून आमटीचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, डावीकडे मागे असलेल्या टेबलाकडे वळल्या आणि डाव्या कुशीवर कोसळल्या. खुब्यावर मोठा काळानिळा डाग उठला, पण हाड शाबूत राहिलं. एक्स-रेमध्ये उजव्या गुडघ्याची झीज दिसली आणि घरात एक वाक्य कायमचं मुक्कामाला आलं : "वंगण संपलंय, आता पाय जपायचा."

मग पाच आठवडे पाय जपला गेला. चहा पलंगावर, जेवण पलंगावर. गच्ची बंद, गल्लीतलं गणपतीचं देऊळ बंद, भाजी निवडायला परातसुद्धा जागेवर. मुलगा मला मनापासून सांगत होता, "आईला आम्ही काहीच करू देत नाही." त्यात माया होती. आणि पाचव्या आठवड्याच्या शेवटी काकू पलंगावर बसायला गेल्या आणि पलंगाच्या अलीकडे जमिनीवर बसल्या. या दुसऱ्या पडण्यानंतर मला बोलावणं आलं. तेव्हा मार्च सुरू झाला होता.

पहिली तपासणी

गुडघ्याला हात लावण्याआधी मी काकूंना उठायला, चालायला आणि वळायला सांगितलं. हात न टेकता खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, ही जगभर वापरली जाणारी साधी चाचणी आहे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला दहा वेळाही जमलं नाही तर पडण्याचा धोका आहे असं मानतात. काकू पाच वेळा उठल्या. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, याला त्यांना १९ सेकंद लागले. बारा किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर सावध व्हायचं असतं. एका पावलाच्या बोटांपुढे दुसऱ्या पावलाची टाच लावून उभं राहायला सांगितलं तर चौथ्या सेकंदाला त्यांनी माझा खांदा धरला.

आकड्यांपेक्षा मला त्यांचं वळणं जास्त खटकलं. सरळ त्या बऱ्यापैकी चालत होत्या. वळायची वेळ आली की मान आणि खांदे आधी फिरत, पावलं मात्र जागच्या जागी सात-आठ वेळा चुटुचुटु हलत. चालता चालता मी विचारलं, "काकू, आज भाजी कुठली केली?" त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, "दोडका" म्हणाल्या आणि मग पुढचं पाऊल टाकलं.

हे थांबणं किरकोळ नसतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली नेमकं हेच टिपलं होतं. निवासी सोयीत राहणाऱ्या ५८ वृद्धांशी चालताना गप्पा मारल्या, तर १२ जण उत्तर द्यायला थांबले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. निरोगी माणसाचं चालणं बरंचसं आपोआप होतं, म्हणून बोलायला लक्ष शिल्लक राहतं. ज्याला प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकावं लागतं, त्याच्याकडे ते राहत नाही. स्वयंपाकघरात तर एकाच वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, नातवाला उत्तर द्यायचं असतं आणि हातात गरम भांडं असतं.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. झोपून आणि मग उभं राहून रक्तदाब मोजला, खाली येत नव्हता. पायाच्या तळव्यांची संवेदना ठीक, मधुमेह नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालेलं. रात्रीची झोपेची गोळी मात्र बरीच वर्षं चालू होती. तोल आणि ती गोळी यांचं पटत नाही. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी ती टप्प्याटप्प्याने कमी करत आणली.

दुखणं मोजायला मी "शून्य ते दहा" विचारते तेव्हा बरीच वयस्क माणसं गोंधळतात. काकूंना विचारलं, "सोळा आणे म्हणजे सहन न होणारं. आज किती आणे?" क्षणात उत्तर आलं, "जिन्यावर दहा आणे, बसल्यावर तीन." पुढचे तीन महिने आम्ही आण्यांतच बोललो.

दोन वजनकाटे

पहिले दोन आठवडे मी चुकले. दुसऱ्यांदा पडल्यामुळे घरचे घाबरलेले, काकूही घाबरलेल्या, म्हणून मी सुरक्षित वाटणारा रस्ता धरला. पलंगावर झोपून पाय सरळ उचलणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबणं, घोटे हलवणं. काकूंनी ते रोज नेमाने केले. दोन आठवड्यांनी खुर्चीतून उठणं पाचावरून सातावर गेलं, पण वळायला तितकीच पावलं लागत होती आणि भाजीचं नाव सांगायला त्या अजून थांबत होत्या. मांडीत थोडं बळ आलं होतं, तोल होता तिथेच होता. मला हे माहीत असायला हवं होतं. व्यायाम आणि पडणं यांवर झालेल्या १०८ प्रयोगांचा, म्हणजे तेवीस हजारांहून जास्त माणसांचा, एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटतं असं त्यात दिसलं. पण हा भक्कम पुरावा उभ्याने केलेल्या, तोलाला आव्हान देणाऱ्या, रोजच्या हालचालींसारख्या व्यायामांचा होता. नुसत्या ताकदीच्या व्यायामांबद्दल तसं ठामपणे म्हणता आलं नाही.

त्या दिवशी काकूंनी माझ्यासाठी चहा ठेवला. मी दारात उभी राहून त्यांचे पाय बघत होते. पोट ओट्याला टेकलेलं, डावा पाय खांबासारखा रोवलेला आणि उजवी टाच जमिनीला जेमतेम लागलेली. त्यांच्या घरात एक वजनकाटा होता, शेजारून दुसरा मागवला. दोन्ही ओट्यासमोर ठेवले आणि काकूंना प्रत्येकावर एकेक पाय ठेवून नेहमीसारखं उभं राहायला सांगितलं. डावा काटा ३८ किलो, उजवा २१. काकू वाकून दोन्ही आकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी एकाच पायावर जगतेय की गं," असं म्हणाल्या.

इथे पहिलं पडणं माझ्या डोळ्यांसमोर उलगडलं. डावीकडे वळायचं तर आधी डावं पाऊल उचलून त्या दिशेला ठेवायला हवं. ते उचलायचं तर तेवढा वेळ सगळा भार उजव्या पायावर जायला हवा. उजवा गुडघा दुखतो, म्हणून शरीर तिकडे भार देत नाही. मग पाऊल जागेवर राहतं आणि कमरेवरचं शरीर पातेल्यासकट वळतं. शरीराचा मध्य डाव्या पायाच्याही बाहेर गेला की सावरायला एक झटपट पाऊल डावीकडेच टाकावं लागतं. पण सगळा भार डाव्याच पायावर असतो आणि ज्या पायावर आपण उभे आहोत तो पाय उचलता येत नाही. हात पातेल्यात गुंतलेले. कुशीवर पडण्याखेरीज काही उरत नाही, आणि खुब्याचं हाड मोडायला कुशीवरचं पडणंच सगळ्यांत वाईट.

हा नुसता माझा तर्क नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्टीफन रॉबिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या दोन निवासी केंद्रांत कॅमेरे लावून १३० माणसांची २२७ पडणी प्रत्यक्ष बघितली. २०१३ साली ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. तोवर पडण्याबद्दलची आपली बरीचशी माहिती पडलेल्याच्या आठवणीवर उभी होती, आणि आठवण "घसरले" असंच सांगते. चित्रफितींत घसरून पडलेले निघाले अवघे ३ टक्के. अडखळून पडलेले २१ टक्के. सगळ्यांत मोठा वाटा, ४१ टक्के, होता भार चुकीच्या पद्धतीने सरकवण्याचा. माणसं पडत होती ती चालताना, नुसती उभी असताना आणि खुर्चीत बसताना. ती केंद्रं कोरडी, सपाट फरशीची होती. आपल्याकडच्या ओल्या मोऱ्या आणि शेवाळलेली अंगणं मोजली तर घसरण्याचा आकडा नक्की वेगळा येईल. पण काकूंची दोन्ही पडणी त्या ४१ टक्क्यांत चपखल बसतात. पलंगाशी तेच झालं होतं. बसताना भार मागे सोडायच्या आधी दोन्ही पोटऱ्यांना पलंगाची कड लागली पाहिजे. काकू एका पायावर अर्धवट वळलेल्या असतानाच खाली बसल्या.

दुखणं मधे कुठे येतं

गुडघा दुखतो म्हणून पडणं आणि पडण्याची भीती म्हणून न हलणं, हे दोन वेगळे आजार समजून आपण वेगवेगळ्या खोल्यांत त्यांचे उपचार करतो. एका ठिकाणी शेक आणि करंट, दुसऱ्या ठिकाणी काठी. ते एकच आहे. बोस्टनमध्ये सत्तरीपुढच्या ७४९ माणसांचा अभ्यास झाला, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. जितक्या जास्त ठिकाणी दुखणं, तितकं पडणं जास्त, असं त्यात दिसलं. यामागची एक यंत्रणा प्रयोगशाळेत उघड दिसते. निरोगी माणसाच्या गुडघ्यात थोडं निर्जंतुक द्रव भरलं तरी मांडीचा पुढचा स्नायू लगेच ढिला पडतो. स्नायू तोच असतो, पण सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूला जाणारा संदेश त्याला पूर्ण आवळू देत नाही. काकू "पाय सुटतो" म्हणायच्या. तो खरोखर सुटत होता.

त्यात पाच आठवड्यांच्या जपण्याची भर पडली. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. भार पडतो, सुटतो, त्या दाबण्या-सोडण्यातून तिला पोषण मिळतं. "वंगण संपलंय" हे वाक्य मला म्हणून खटकतं. ते ऐकणारा माणूस गुडघ्याला संपत आलेल्या वस्तूसारखा काटकसरीने वापरू लागतो. एक्स-रेतली झीज आणि होणारं दुखणं यांचं गणित जुळतंच असंही नाही. हे मी मुलाला ओट्याशी उभं राहून समजावलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आम्हीच आईला बसवली." मी म्हटलं, "तुम्ही जपलंत. आता त्यांना हलू द्यायचं, आणि पडल्या तर धरायला जवळ उभं राहायचं."

ओटा हेच व्यायामाचं ठिकाण

न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९९० च्या दशकात ओटागो नावाचा कार्यक्रम तयार झाला. त्यात फिजिओथेरपिस्ट घरी जाते, पायाला वजन बांधून थोडे ताकदीचे व्यायाम आणि उभ्याने तोलाचे व्यायाम शिकवते, माणूस ते स्वतः करत राहतो. त्याच्या प्रयोगांत पडणं साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं. मी त्याचा सांगाडा घेतला आणि बाकी काकूंच्या घरातून उभं केलं. वजनासाठी जुन्या साडीच्या कापडाची पिशवी, आत अर्धा किलो तांदूळ.

सुरुवात दोन काट्यांवर. दोन्ही हात ओट्यावर, हळूहळू उजवीकडे भार न्यायचा आणि काटा बघायचा. २१ चे २४, २४ चे २६. डोळ्यांना दिसणारा आकडा माझ्या शंभर सूचनांपेक्षा उपयोगी पडला. चौथ्या आठवड्यात आधार दोन बोटांचा राहिला. काटा ३० वर स्थिर राहू लागला तसं डावं पाऊल क्षणभर उचलायचं. मग घड्याळ : आपण मधे उभं, एका पायाने बाराच्या, तीनच्या, सहाच्या, नऊच्या आकड्यावर पाऊल टाकून परत यायचं. मागचा सहाचा आकडा त्यांना सर्वांत अवघड गेला.

वळायचा नियम आम्ही चार शब्दांत बांधला : आधी पाऊल, मग पातेलं. आधी डावं पाऊल बाहेर, मग उजवं त्याच्याजवळ, आणि नाभी टेबलासमोर आली की मगच भांडं हलवायचं. रिकाम्या पातेल्याने, मग अर्धं पाणी भरून, मग भाजीचं नाव विचारत. माणसाच्या हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी शंभर वर्षांपूर्वी मॉस्कोत कामगारांचे हातोड्याचे घाव चित्रित केले होते. कसबी कामगाराच्या प्रत्येक घावाची वाट थोडी वेगळी निघाली, घाव मात्र नेमका जागेवर पडत होता. कौशल्य म्हणजे एकच हालचाल तशीच्या तशी घोटणं नव्हे, दर वेळी नव्याने जमवणं, हे त्यातून कळलं. म्हणून काकूंचं वळणं मी कधी उजवीकडे, कधी अनवाणी, कधी दिवा मंद करून घेतलं. शिकागोत हलत्या पट्ट्यावर मुद्दाम घसरवून वृद्धांना सावरायला शिकवण्याचे चांगले प्रयोग झाले आहेत. तसा पट्टा माझ्याकडे नाही. मी कमरेला सुती पट्टा बांधून, सांगून आणि नंतर न सांगता, हलकासा धक्का देत असे. सून मागे उभी.

दुखण्याचा नियम : आठ आण्यांपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते मूळ जागी आलं पाहिजे. नाही आलं तर त्या दिवशी फेऱ्या कमी, सुट्टी नाही. सहाव्या आठवड्यात एकदा गुडघा सुजला. काकू म्हणाल्या, "बघ, मी सांगत होते." मी पिशवी काढली, काट्यांवरचं चालू ठेवलं, चौथ्या दिवशी सूज उतरली. त्यानंतर त्या दुखण्याला आधीइतक्या घाबरल्या नाहीत. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा आठवडा तोच.

खुर्चीतून उठताना आधी उशी घालून उंची वाढवली. पावलं गुडघ्याच्या मागे ओढायची आणि नाक बोटांच्या पुढे आणायचं, म्हणजे गुडघ्यावरचा ताण कमी होतो. उशी आठव्या आठवड्यात गेली. जमिनीवरून उठायला मात्र मी फार वेळ दिला. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांवर झालेल्या एका अभ्यासात, जे पडले त्यांतल्या ८० टक्क्यांना एकदा तरी स्वतःहून उठता आलं नव्हतं आणि ३० टक्के तासभर किंवा जास्त वेळ जमिनीवर पडून होते. काकू आमच्यासारख्याच, आयुष्यभर पाटावर बसून उठलेल्या. अलीकडच्या काही वर्षांतच जमीन सुटलेली. सतरंजीवर कुशीला वळायचं, कोपरावर यायचं, चौरंग जवळ ओढून दोन्ही हात त्यावर, चांगला डावा पाय पुढे, मग उठायचं. पहिल्यांदा स्वतः उठल्या तेव्हा सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरात बदल थोडे केले. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा, मोरीत धरायला दांडी, दारातलं सरकणारं पायपुसणं काढलं. सपाता जाऊन टाचेला पट्टा असलेल्या चपला आल्या. काठी डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. घरच्यांनी ती उजव्या हातात दिली होती. ती चूक जवळजवळ प्रत्येक घरात दिसते.

बारा आठवड्यांनी

खुर्चीतून उठणं ११. तीन मीटरची फेरी साडेअकरा सेकंदांत. पावलापुढे पाऊल लावून १२ सेकंद. काटे : डावा ३१, उजवा २८. जिन्यावरचं दुखणं चार आणे, बसल्यावर नाही. एका माणसावरून मी व्यायामाचं श्रेय सिद्ध करू शकत नाही. झोपेची गोळी कमी झाली, खुब्याचा मार भरून आला, कठडा लागला, हे सगळं त्यात मिसळलेलं आहे. पण वळण्याची पावलं सात-आठवरून तीनवर आली, ती आम्ही तेच घोटलं म्हणून, एवढं मी म्हणेन.

नवव्या आठवड्यातली एक गोष्ट राहिली. नातवाचं दप्तर दारात पडलेलं. काकूंचा पाय त्यात अडकला. चालताना पुढे जाणारं पाऊल जमिनीपासून जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उचललेलं असतं, त्यामुळे कुणीही अडखळतो. काकूंनी उजवं पाऊल पुढे टाकलं, दुखरंच, त्यावर सगळा भार घेतला, एक हात भिंतीला लावला आणि उभ्या राहिल्या. मग नातवाला ओरडल्या. मला फोन सुनेचा आला, "मॅडम, पडल्या नाहीत!"

मेच्या अखेरीस मी शेवटची भेट द्यायला गेले तर घरात कुणी दिसेना. आवाज गच्चीवरून येत होता. वर कुरडयांचं वाळवण चाललं होतं. सून आणि शेजारच्या दोघी सोऱ्या फिरवत होत्या, काकू ओल्या कुरडया सारख्या करत होत्या. चिकाचं पातेलं सुनेच्या मागे होतं. काकू उठल्या, पातेल्याशी गेल्या, ते उचललं आणि वळायच्या आधी डावं पाऊल बाहेर ठेवलं. मी बघतेय हे त्यांना माहीत नव्हतं.

जिना उतरताना त्या अजून दोन्ही कठडे धरतात आणि दुखरा पाय आधी खाली ठेवतात. ते तसंच राहू दे, असं मी त्यांना सांगितलं आहे. दोन वजनकाट्यांतला एक शेजारी परत गेला. दर एकादशीला मात्र त्या तो मागून आणतात.